‘भंगारातलं जुगाड’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार. टर्बो डिझेल गाडीसाठी घरी बनवलेल्या पाण्याच्या इंटरकूलरबद्दल (टर्बोनं दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग) मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बूस्टचा, म्हणजे टर्बो हवेला देतो त्या जादा दाबाचा, आकडा चुकलाय, पंप मिनिटाला किती लिटर पाणी फेकतो ते दिलेलं नाही, घाटात पाणी तापलं की हा इंटरकूलर काही कामाचा नाही. आणि शेवटी हे वाक्य: ‘भंगारातलं जुगाड दाखवून पोरांच्या गाड्यांची वाट लावू नका, हे इंजिनिअरचं काम आहे, गॅरेजवाल्याचं नाही.’

आकड्याचं मान्य. १५ पीएसआयच्या जागी १५ बार पडलं होतं. १५ पीएसआय म्हणजे साधारण १ बार. चूक माझी, दुरुस्त केली, आभार.

आता ते शेवटचं वाक्य. जुगाड म्हणजे तारेनं आवळलेलं, आजचा दिवस निघाला की झालं, असलं काम. माझे वडील भोसरी एमआयडीसीत टर्नर होते. मी औंधच्या आयटीआयचा फिटर. सुरुवातीचे कित्येक आठवडे आमच्या हातात फक्त कानस होती. लोखंडाचा ठोकळा घासायचा, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावायचा, उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचा. तळहाताला फोड आले तरी सर ठोकळा परत द्यायचे. तुम्ही ज्याला ‘गॅरेजवाला’ म्हणून बाजूला सारलंत तो असा तयार होतो. एआरएआयमधल्या (गाड्यांची चाचणी करणारी पुण्यातली संस्था) इंजिनिअरांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण त्यांच्यासमोर तपासायला येणारा नमुनासुद्धा कुणातरी फिटरच्या, वेल्डरच्या हातूनच घडलेला असतो.

राहिलं भंगार. ट्रकच्या इंटरकूलरचा कोअर (नळ्यांचा आतला गाभा) जुन्या बाजारातून आणला हे मी लपवलं नव्हतं, पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. आतलं तेल जाईपर्यंत तो तीन वेळा धुतला, कारण तेलकट अ‍ॅल्युमिनियमवर आर्गन मारला (आर्गन वायूचं वेल्डिंग केलं) की वेल्डला भोकं पडतात. मग कोअरभोवती पत्र्याची पेटी करून घेतली: हवा नळ्यांच्या आतून, पाणी बाहेरून. दोन्ही तोंडं बंद करून आत २ बार हवा भरली आणि आख्खा नग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवला. एका कोपऱ्यातून मोहरीएवढे बुडबुडे यायला लागले, दर चार-पाच सेकंदांनी एक. बघणारे म्हणाले, एवढ्यानं काय होतंय? होतं. गाडी बंद करून उभी केली की त्याच जागेतून पाणी थेंबथेंब इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत, उतरतं, तिथून सिलिंडरमध्ये. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे स्टार्टर मारल्यावर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून तो सांधा पुरता घासून काढला, पुन्हा आर्गन मारून घेतला आणि नग तासभर ड्रममध्ये ठेवला. एकही बुडबुडा आला नाही, तेव्हाच गाडीत बसवला. हे सगळं मूळ लेखात आहे. तुम्ही तो भाग वाचलेला नाही असं मला स्पष्ट दिसतंय, आणि न वाचता दुसऱ्याच्या कामाला जुगाड म्हणणं याला मी उद्धटपणाच म्हणेन. राग आला तर येऊ दे.

आणि ‘पोरांच्या गाड्या’? माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी हा ड्रम दाखवतो. ज्याला तासभर बुडबुड्यांकडे बघत बसायचा कंटाळा येतो, त्याला मी परत पाठवतो.

पाणी तापण्याचं म्हणाल, तर तापतं. टर्बोनं १ बार दाबली की ३५ अंशांची हवा १०० च्या बरीच वर जाते, ती उष्णता कुठेतरी जाणारच. पण एक किलो पाणी एक अंशानं तापवायला हवेच्या चौपट उष्णता लागते. शिवाय त्या पाण्याला ग्रिलमागे, एसीच्या कंडेन्सरच्याही पुढे, स्वतःचा रेडिएटर आहे. इंजिनच्या ९० अंशांच्या कूलंटशी त्याचा काही संबंध नाही. चार माणसं बसवून खंबाटकी चढलो, वर थांबून बॉनेट उघडलं. टर्बोकडून येणाऱ्या पाइपला बोट टेकवत नव्हतं. इंजिनकडे जाणाऱ्या पाइपवर पंजा ठेवून मी दहापर्यंत मोजलं. मला तेवढं पुरे आहे. याहून लांब घाटाचं गणित तुम्हाला मांडायचं असेल तर जरूर मांडा, पण ‘गॅरेजवाला’ हा शब्द बाजूला ठेवून. त्याच भाषेत पुन्हा लिहिलंत तर मी उत्तर देणार नाही.

पंपाचा आकडा रविवारी बादली आणि घड्याळ घेऊन मोजतो आणि मूळ लेखात घालतो.