डोंगरावरचा कचरा पारध्यांच्या नावावर टाकू नका

पावसाळा सुरू झाला की मराठवाड्यातल्या म्हैसमाळ, गौताळा, सौताडा, कपिलधार आणि नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठाचे फोटो मोबाइलवर यायला लागतात. त्यांच्या मागोमाग एक मजकूरही येतो. कचऱ्याच्या ढिगाचा एक फोटो आणि त्याखाली लांबलचक लिखाण. त्याचा सारांश असा: डोंगरांत आणि धरणांच्या काठी दिसणारा कचरा तंबू ठोकून राहणाऱ्या पर्यटकांचा नसतो, चोरून शिकार करणारे पारधी, मेंढपाळ आणि यात्रेकरू तो करतात. पर्यटक शिकलेले असतात, ते आपला कचरा शेकोटीत जाळतात नाहीतर पुरतात. उरलेलं अन्न जंगलाला खतच होतं. एवढं करूनही काही राहिलं, तर ते उचलणं वनखात्याचं आणि ग्रामपंचायतीचं काम, कारण आपण तिकीट काढतो आणि गावाला रोजगार देतो.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीची, जंगलावर मनापासून प्रेम करणारी माणसंही आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो आहे.

सगळ्यांत गंभीर आरोप पारध्यांवरचा. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, आणि पुढे पारध्यांवरही तोच शिक्का बसला. स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती विमुक्त झाल्या. तरी आजही गावात चोरी झाली की पहिला संशय पारध्यांच्या पालावर जातो, हे मराठवाड्यात कुणाला वेगळं सांगायला नको. आता डोंगरात बाटली फुटलेली दिसली तरी बोट त्यांच्याकडेच. मजकुरात याला पुरावा काय दिलाय? काहीही नाही. कचऱ्याचा फोटो आहे, तो टाकणाऱ्याचा नाही.

फोटोतला ढीग मात्र नीट पाहावा, कारण पुरावा तिथेच पडलेला असतो. डिस्पोजल ग्लास, थर्माकोलच्या प्लेट, चकण्याची रिकामी पाकिटं, बिअरच्या आणि क्वार्टरच्या बाटल्या, लिटरभर पाण्याच्या विकतच्या बाटल्या, वाढदिवसाच्या केकचा पुठ्ठा, ॲल्युमिनियमची फॉइल, ओले टिश्यू, बार्बेक्यूच्या कोळशाची छापील पिशवी, छोट्या शेगडीचा संपलेला गॅसचा डबा. ज्याच्या पालाला धड ताडपत्री नाही, तो माणूस डोंगरावर केक आणि पिशवीतला कोळसा घेऊन जाईल का? पारध्यांची परंपरागत शिकार तातीच्या (जनावराच्या आतड्याच्या दोरीच्या) आणि घोड्याच्या केसांच्या फाशांवर चालायची. फासा हीच त्यांची कमाई, तो ते टाकून देत नसत. आणि आज यातली कितीतरी कुटुंबं शेतमजुरीवर आणि ऊसतोडीवर जगतात.

चोरटी शिकार होत नाही, असं मी म्हणत नाही. होते. ससे, तितर, लाव्हे, रानडुकरं मारली जातात, काळविटावरही डोळा असतो. रात्री जीप घेऊन, झगझगीत बॅटरी मारत फिरणारे हौशी शिकारीही आहेत. बाराबोरची रिकामी काडतुसं आणि तारेचे फास रानात सापडतात, ते चोरट्या शिकाऱ्यांचेच. तारेचा फास तर सगळ्यांत क्रूर कचरा. तो लावणारा विसरला तरी फास जनावराची वाट पाहत तिथेच राहतो. अशा शिकाऱ्यांना पकडून शिक्षा व्हावी, यात मला तिळमात्र शंका नाही. पण कायद्याच्या भीतीनं लपूनछपून शिकार करणारा माणूस स्पीकर लावत नाही, शेकोटी पेटवत नाही आणि आपण रात्रभर इथं होतो याची खूण वीस ग्लासांच्या रूपानं मागे ठेवत नाही. बंदूक घेऊन पार्टी करायला येणारे ती ठेवतात, पण ते शहरातून गाडीनं येतात, पालावरून नव्हे.

त्याच मजकुरात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा दाखला आहे, आणि तो फक्त शिकाऱ्यांना लावलेला आहे. कायदा पुढे वाचायला हवा होता. त्याच कायद्याच्या 27 व्या कलमात अभयारण्याच्या जमिनीवर कचरा टाकायला स्पष्ट मनाई आहे. 30 व्या कलमात अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला आणि पेटती सोडून जायला मनाई आहे. गौताळा औटरामघाट, जायकवाडी, नायगावचं मयूर अभयारण्य, येडशी रामलिंगघाट ही सगळी अभयारण्यं आहेत. तिथं ससा मारणारा गुन्हेगार आणि प्लेट फेकणारा निव्वळ पाहुणा, असा भेद या कायद्यात नाही. शिक्षेची तीव्रता वेगळी असेल, मनाई दोघांनाही आहे.

मेंढपाळांबद्दल थोडक्यात. धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, जिथं उतरतो तिथं मागे लेंड्या राहतात, आणि शेतकरी त्यासाठी त्याला बोलावून रानात मेंढरं बसवतात. गुटख्याची पुडी तोही टाकतो, हे खरं. 2012 पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे आणि तरी पुड्या सगळीकडे आहेत. पण त्या पुडीवरून अख्खा ढीग त्याच्या माथी मारणं अन्याय आहे.

यात्रांचा मुद्दा मात्र मला अर्धा मान्य आहे. कपिलधारची कार्तिक पौर्णिमेची यात्रा असो, येरमाळ्याची चैत्री असो की पैठणची नाथषष्ठी, प्लास्टिकचा खच पडतो, आणि तो पडू नये म्हणून बोललंच पाहिजे. तरी एक फरक आहे. यात्रेची तारीख आणि जागा आधीपासून ठरलेली असते. तिथं प्रशासन, देवस्थान, स्वयंसेवक यांना झाडू घेऊन उभं राहता येतं, आणि चुकलं तर जाबही विचारता येतो. तंबूवाला मुद्दाम अशी जागा शोधतो जिथं माणसाचा वावर नाही: अंतूर किल्ल्याची सोंड, नाल्याचा काठ, धरणाच्या फुगवट्यातली एखादी जीभ. तिथं त्याच्या आधी कुणी झाडलेलं नसतं आणि त्याच्या नंतरही कुणी झाडणार नसतं. कागद-बाटल्या गोळा करणारी माणसंही तिथवर पोचत नाहीत, आणि चिप्सच्या पाकिटाला तर भंगारात काहीच भाव नाही. त्यामुळे टाकलेलं तिथंच राहतं, आणि पुढच्या शनिवारी येणारा तो ढीग बघून ही टाकायचीच जागा आहे असं समजतो.

आता जाळण्याबद्दल, कारण हे करणाऱ्यांना आपण चांगलंच केलं असं मनापासून वाटतं. चिप्सचं पाकीट म्हणजे प्लास्टिकच्या पदरावर ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर. शेकोटीत प्लास्टिक वितळतं, काही जळतं, आणि धातूचे चकचकीत तुकडे राखेत उरतात. लाकडाच्या शेकोटीची आच कमी आणि कुठे जास्त कुठे उणी असते. त्यात प्लास्टिक पूर्ण जळत नाही, धुमसतं. थर्माकोलचा धूर काळाकुट्ट निघतो, त्यात स्टायरिन असतं. पीव्हीसीचं काही आगीत गेलं तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिनसारखी विषं तयार होतात. आणि त्याच निखाऱ्यावर मक्याची कणसं भाजून मुलांना दिली जातात. हे लिहिताना मला खरोखर काळजी वाटते. शिवाय होळीनंतर आपल्याकडचं गवत कागदासारखं वाळलेलं असतं. गौताळ्यासारख्या पानगळीच्या जंगलात तेव्हा अर्धवट विझवलेली एक शेकोटी अख्खा डोंगर काळा करू शकते, आणि त्या गवतात जमिनीवर अंडी घालणारी पाखरं असतात.

पुरण्याची कल्पना ज्यांनी मांडली त्यांनी मराठवाड्यात कधी खड्डा खणला नसावा. अजिंठ्याच्या डोंगररांगेत किंवा बालाघाटात वीतभर खणलं की मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. त्यामुळे पुरलं म्हणजे चार ओंजळी माती आणि दोन दगड वर ठेवले, एवढंच होतं. त्याच रात्री कोल्हा, रानडुक्कर किंवा गावातलं कुत्रं वासानं येऊन उकरतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळं नाल्याला लागतं.

धरणाकाठी याच्या उलट, माती खोल आहे, पण ती काळी आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून फाटते. या फुगण्या-आटण्यात खालचे दगडगोटे हळूहळू वर येतात, हे काळ्या रानात नांगर धरणारा कुणीही सांगेल. काचेची बाटलीही तशीच वर येते, आणि काच कुजत नाही. नाथसागर पसरट आणि उथळ आहे. पाणी उतरलं की काठ लांबवर उघडा पडतो आणि त्या ओल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. तिथं अनवाणी चिखल तुडवणाऱ्या बाईच्या तळव्यात तुमची फुटकी क्वार्टर घुसते. जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झालं, 1986 मध्ये तिथं पक्षी अभयारण्य जाहीर झालं, आणि छत्रपती संभाजीनगर व जालना ही शहरं त्याच पाण्यावर जगतात. म्हणजे शनिवारी संभाजीनगरहून येऊन काठावर टाकलेलं प्लास्टिक आपण आपल्याच माठाच्या वाटेवर टाकलेलं असतं.

एक कायदेशीर गोष्टही सांगून ठेवतो. 2016 साली आलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा करणाऱ्याला तो सार्वजनिक जागेत किंवा पाण्यात टाकायला, जाळायला आणि पुरायला, अशी तिन्ही प्रकारे मनाई केली. थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या प्लेट-ग्लासांवर तर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, आणि पहिल्याच वेळी पाच हजारांचा दंड आहे. म्हणजे मजकुरात जो उपाय म्हणून सांगितलाय, तोच नियमांत गुन्हा म्हणून लिहिलेला आहे.

उरलेलं अन्न खत होतं, हेही आपल्या हवेला लागू पडत नाही. कुजायला ओल लागते, आणि मराठवाड्यात वर्षातले सात-आठ महिने कोरडे जातात. संत्र्याचं साल कुजत नाही, वाळून तिथंच राहतं. बिर्याणीवर आणि हाडांवर कुत्री जमतात. ती अन्नासाठी येतात आणि मग तिथंच राहतात. पुढे काळविटाची, चिंकाराची पाडसं आणि मोरांची अंडी यांच्यावर त्यांचा घाला पडतो. कुत्र्यांच्या मागावर बिबट्या वस्तीच्या जवळ सरकतो, आणि त्याचा जाच शेतात रात्रीचं पाणी धरायला जाणाऱ्याला होतो, तंबू गुंडाळून गेलेल्याला नाही.

मजकुरात गुराढोरांचा एका शब्दानंही उल्लेख नाही, आणि माझा सगळ्यांत मोठा आक्षेप हाच आहे. या डोंगरांत आणि गायरानांत देवणी आणि लाल कंधारी जातीची जनावरं चरतात. शेळी ओठांनी निवडून खाते. गाय जिभेचा वेढा घालून गवत ओढते, न चावता गिळते आणि नंतर निवांत रवंथ करते. मिठाचा, तेलाचा वास लागलेली कॅरीबॅग त्या वेढ्यात आली की सरळ पोटात जाते. पहिल्या पोटातून ती पुढे सरकत नाही. एकावर एक पिशव्या साचून त्यांचा गोळा होतो. पोट फुगलेलं दिसतं आणि जनावर मात्र खंगत जातं, दूध आटतं, रवंथ थांबतं. तार, खिळा, कबाबाची बारीक सळई गेली तर ती जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात, अडकते. तिथून हृदय अगदी जवळ आहे, आणि टोक आरपार गेलं की जनावर हातचं गेलं. वेळेत कळलं तर डॉक्टर पोट उघडून गोळा काढतात, पण वेळेत कळणं दुर्मीळ, कारण बाहेरून फक्त गाय उदास दिसते. ज्या घरात दुष्काळाच्या वर्षी पोटाला चिमटा काढून जनावर जगवलं, त्या घरात हे घडतं.

तिकीट आणि ग्रामपंचायत हा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. गौताळ्याचं क्षेत्र सुमारे 260 चौरस किलोमीटर आहे. वनरक्षकानं आग बघायची, चोरटी तोड बघायची, शिकारी बघायचे, पाणवठे बघायचे, की तुमचे ग्लास वेचायचे? अभयारण्याबाहेरच्या बहुतेक जागांना तर तिकीटच नाही. आणि पायथ्याच्या छोट्या गावाला स्वतःच्या गल्लीतला कचरा उचलायला धड गाडी नसते.

रोजगाराबद्दल गावात विचारून पाहा. सामान शहरातून भरून येतं, गावातून फार तर सरपण आणि बर्फ. ज्या पर्यटनानं गावाला खरंच पैसा मिळतो ते हिवाळ्यातलं हुरड्याचं आहे. शेतकरी स्वतःच्या रानात आगटी पेटवतो, गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजतो, पळसाच्या पत्रावळीवर दही, चटणी, गूळ वाढतो. ज्वारीची उरलेली ताटं आणि कणसं गुरांपुढे जातात, पत्रावळ उकिरड्यावर. रान त्याचंच असल्यामुळे दुसऱ्या दिवशी ते स्वच्छ असतं. शनिवारी रात्री बाहेर राहायचं असेल तर अशा घरी पैसे देऊन राहता येतं, आणि ते पैसे गावातच राहतात.

डोंगरावरच राहायचं असेल तरी अडचण सामानाच्या वजनाची नक्कीच नाही. पाण्याची भरलेली लिटरची बाटली किलोभर असते आणि ती आपण चढावर नेतो. रिकामी वीस-तीस ग्रॅमची, आणि ती उतारावर आणायची असते. खतांचं एक रिकामं पोतं गाडीत ठेवा, काच वेगळी बांधा, आणि परतताना कन्नड, पैठण किंवा पाटोद्यात नाही तर आपल्या घरच्या घंटागाडीत टाका. ग्रुपनं जाणाऱ्यांनी निघण्याआधी माणशी शंभर रुपये एकाकडे जमा करावेत, आणि पोतं भरून खाली आल्यावरच परत घ्यावेत.