रिक्षावाल्यांच्या पोटावर मी कधी पाय दिला?

नमस्कार. सिटी बसवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली, दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की रिक्षा थांबल्या तर सोलापूर थांबेल, महापालिकेचं परिवहन, म्हणजे ही सिटी बस, पांढरा हत्ती आहे, शेअर रिक्षाचं मी दिलेलं भाडं जुनं आहे, आणि वर हे वाक्य: "लेखकाने आयुष्यात सिटी बसचं तिकीट काढलंय का, एसीत बसून गरीब रिक्षावाल्याच्या पोटावर पाय देणं सोपं असतं."

भाड्याचं बरोबर आहे तुमचं. चूक माझी, दुरुस्त केलीय.

पण ते वाक्य मला लागलं. अहो, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. आई बिड्या वळायची, तयार माल कारखान्यात द्यायला पाटी घेऊन निघायची, आणि पाटीमुळे एक शीट कमी बसतं म्हणून तिला अशोक चौकात भर उन्हात शेअर रिक्षातून उतरवलेलं मी बघितलंय, सातवीत होतो तेव्हा, तिच्या शेजारीच उभा होतो. पुढं कॉलेज बसच्या पासवर केलं. एम.कॉम.ला केगावला युनिव्हर्सिटीत जायचं, ते शहराच्या त्या टोकाला पुणे रोडवर आणि आम्ही ह्या टोकाला, पास नसता तर घरातून फॉर्मच भरू दिला नसता. आणि तुम्ही विचारताय तिकीट काढलंय का!

रिक्षावाल्यांचं म्हणाल तर माझा सख्खा मामा पंधरा वर्षं रिक्षा चालवत होता. परमिट तिघांचं, पण तीन शिटांत गॅसचे पैसे आणि बँकेचा हप्ता दोन्ही निघत नाहीत म्हणून पाच भरायचा, आणि पोलिसाची शिट्टी ऐकली की पोटात गोळा यायचा त्याच्या. म्हणूनच मी लिहिलं होतं की शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. यात शिवी कुठे दिसली तुम्हाला? तो त्या धंद्याचा हिशोबच आहे. सकाळी साडेसहाला कामाला निघालेली एकटी बाई, तिनं बाकीची शिटं येईपर्यंत ताटकळायचं नाहीतर स्पेशल करायची, तिच्यासाठी वेळ झाली की रिकामी असली तरी सुटणारी बस पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं. तुम्ही लेख पूर्ण वाचलाच नाही हे सरळ दिसतंय. टीका जरूर करा, पण नाव लपवून दुसऱ्याची लायकी काढायची ही कुठली रीत?

पांढऱ्या हत्तीवर फार बोलत नाही. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून आलेल्या नव्या बसगाड्यांच्या चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, तडे गेले, गाड्या उभ्या राहिल्या, त्यात पासवाल्या पोरांचा काय दोष? शहराबाहेर कुंभारीला कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार घरं, वर रे नगरची ३० हजार घरांची योजना, त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या. एवढी कामगार माणसं रोज शहरात कशी येणार, ते तुम्हीच सांगा.

बाकीच्या मुद्द्यांना उत्तर द्यायची गरज वाटत नाही. पुढच्या वेळी नावानिशी लिहा, मी बोलायला तयार आहे. आणि एसीचं म्हणाल तर मे महिन्यातसुद्धा आमच्या घरात पंखाच असतो.