समारियाची राख अश्शूरांची कशावरून? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

आपला आक्षेप थोडक्यात असा: पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांना समारियाच्या (प्राचीन उत्तर इस्राएल राज्याच्या राजधानीच्या) टेकडीच्या माथ्यावर जळका थर सापडला, बायबल आणि अश्शूरचा राजा सारगोन याचे लेख दोन्ही नगर पडल्याचं सांगतात, मग इ.स.पू. 722च्या सुमारास अश्शूरांनी नगर जाळलं, हे मी का मानत नाही?

नगर पडलं यावर वाद नाहीच. पण बायबलच्या '2 राजे' या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात वेढा, पाडाव आणि लोकांना देशोधडीला लावणं येतं, आग येत नाही. सारगोन 27,290 माणसं नेल्याचं सांगतो आणि वर नगर पुन्हा वसवल्याची फुशारकी मारतो.

आता राख. केनियन मातीच्या थरांची काटेकोर नोंद ठेवणाऱ्या मॉर्टिमर व्हीलरच्या तालमीतल्या. (तेच व्हीलर 1944 साली भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले.) त्यामुळे 1931–35च्या मोहिमेत केनियन यांनी रेखाटलेले मातीच्या थरांचे उभे छेद आजही तपासता येतात. पुरातत्त्वज्ञ रॉन टॅपी यांनी ते तपासले, तेव्हा माथाभर पसरलेला एकसंध जळका थर काही हाती लागला नाही. वेगवेगळ्या जागी वेगवेगळ्या काळातला मलबा निघाला. कारण साधं आहे. माथ्यावर खडक उथळ. ग्रीक काळात आणि पुढे हेरोदाच्या काळात तिथे खोल पाये खणले गेले, नंतरच्यांनी घडीव दगड उपसून नेले. दगड काढलेल्या चरात सगळ्या काळांची माती एकत्र पडते. त्या चराची कड खोदताना निसटली, की आठव्या शतकातलं खापर आणि रोमन खापर एकाच टोपलीत येतं.

आग सिद्ध करायची तर जमिनीवर जागच्या जागी फुटलेली, जुळवता येणारी भांडी हवीत, त्यांच्यावर राख हवी, आणि त्यावर पुढच्या काळाची अखंड जमीन हवी. सुटी खापरं चालत नाहीत.

खापरांवरून माथ्यावरचा राजवाडा इस्राएलचे राजे अम्री आणि अहाब यांच्या काळातला ठरतो, हे आपलं म्हणणंही इथेच अडतं. जमिनीखालच्या भरावातलं सर्वांत उशिराचं खापर एवढंच सांगतं की जमीन त्यानंतर घातली. किती नंतर, ते नाही. बायबलप्रमाणे अम्रीने शेमेर नावाच्या मालकाकडून दोन किक्कार (जुनं वजन) चांदीला टेकडी घेतली, म्हणजे ती रिकामीच होती, असं केनियन यांनी धरलं आणि सर्वांत जुनी खापरं अम्रीच्या नावावर टाकली. पुरातत्त्वज्ञ जी. अर्नेस्ट राइट यांनी लगेच हरकत घेतली: भरावातली खापरं बांधकामाच्या आधीची असतात. खडकात कोरलेले घाणे बघता शेमेरची वाडी चांगली नांदती असावी.

केनियन यांच्या आधी इथे खोदणारे रायस्नरही असेच फसले. 1910 मध्ये मिळालेले, जुना द्राक्षारस आणि तेल यांच्या नोंदींचे खापरलेख त्यांनी अहाबच्या काळात टाकले, कारण जवळच अहाबच्या काळातला इजिप्तचा राजा दुसरा ओसोर्कोन याचं नाव असलेलं भांडं निघालं होतं. अक्षरवळणावरून आज ते आठव्या शतकाच्या पूर्वार्धातले मानतात.

माथ्यावर सापडलेले हस्तिदंती तुकडे अहाबच्या महालातले असं म्हणाल, तर ते बरेचसे मिसळलेल्या मातीतून आलेत. शिवाय हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांना बायबलमधला संदेष्टा आमोस झोडपतो, तो अहाबनंतर शंभरेक वर्षांनी. तेव्हा तुकडा सापडला म्हणून तो अहाबच्याच महालातला ठरत नाही.