फोन ठेवता येत नाही

२००१ साली आमच्या डिचोलीच्या घरात टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मॉडेम आला, तेव्हा इंटरनेट जोडायचे कसे हे शिकवायला तिघेजण आले होते. तोडायचे कसे हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही, कारण पावसाळ्यात ते आपोआपच तुटत असे. ढग गडगडला की तुटे, वीज गेली की तुटे, आईने सोप्यावरचा रिसिव्हर उचलला की तुटे. नको तेव्हा इतक्या तत्परतेने तुटणारी ही वस्तू हवे तेव्हा मात्र तुटत नाही, हे मला टेलिफोनच्या बिलावरून कळले.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या दोन चिमुकल्या संगणकांच्या चित्रावर क्लिक करून ‘डिस्कनेक्ट’ म्हटले की ते चित्र निमूटपणे नाहीसे होई आणि मी निश्चिंत मनाने झोपायला जाई. मॉडेमवरचा ‘ओएच’ या अक्षरांजवळचा लाल दिवा मात्र तसाच जळत राही. ओएच म्हणजे ऑफ हुक, अर्थात रिसिव्हर अजून उचललेलाच आहे. खात्री करायची तर काळोखातून सोप्यावर जाऊन फोन कानाला लावावा लागे; डायल टोन आला तर सुटलो, खरखर आली तर मीटर चालूच.

संगणक शिकणाऱ्या भाच्याने निदान केले. संगणकाकडून येणारा डीटीआर नावाचा संकेत बंद झाला की मॉडेमने फोन ठेवायचा अशी रीत असते. पण त्या तिघांपैकी कोणीतरी, बहुधा कनेक्शन टिकावे या सद्हेतूने, आमच्या मॉडेमला त्याकडे लक्षच देऊ नकोस असे बजावून ठेवले होते. उपाय म्हणून भाच्याने मंत्र दिला: मॉडेमला थेट हुकूम देण्याच्या, टर्मिनल नावाच्या खिडकीत एक सेकंद काहीही टाइप करायचे नाही, मग लागोपाठ तीन अधिक चिन्हे, पुन्हा एक सेकंद मौन, आणि मग ‘एटीएच’, म्हणजे ‘फोन ठेव’, लिहून एंटर. एखाद्याच्या पत्रात तीन अधिक चिन्हे आली तर मॉडेमने तो हुकूम समजू नये, म्हणून हे मौन. संध्येतली आचमने मी इतक्या काटेकोरपणे कधी केली नाहीत. तरीही शिफ्टवरचे बोट निसटून मधल्या अधिकाचे बरोबर होई, आणि ‘+=+’ हा मंत्र कोणत्याच देवतेला पोहोचत नसे.

अखेर श्रावणातल्या एका शनिवारी रात्री मी सरळ वायरच उपटली. भिंतीतल्या खोबणीत तिची प्लास्टिकची क्लिप नखाने दाबली, ‘टक्’ असा आवाज झाला आणि लाल दिवा विझला. त्या रात्री मला गाढ झोप लागली. सोप्यावरच्या फोनची वायर मॉडेमच्या पाठीतून येते, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

सोमवारी पहिल्या बसने फोंड्याची मावशी दारात हजर झाली. छत्री गळत होती, आणि काखेतल्या डब्यातून पातोळ्यांच्या हळदीच्या पानांचा वास येत होता.

“काल दिवसभर घंटी वाजते आणि कोणी उचलत नाही,” ती धापा टाकत म्हणाली. “ताई बरी आहे ना?”

मी वायरची सगळी हकिकत सांगितली. तिने डबा माझ्या हातात दिला आणि ओट्यावर बसून पाय पुसले.

“आधी एंगेज लागायचा तेच बरे होते रे,” ती म्हणाली. “घरात कोणीतरी बोलते आहे, एवढे तरी कळायचे.”