ऑटो लेव्हल डबलबारीत तरी नको

'लेव्हल ऑटोवर ठेवा आणि निर्धास्त मैफल ऐका' हा मैफल रेकॉर्ड करण्यावरच्या लेखातला सल्ला मला मुळीच पटला नाही. ऑटो म्हणजे आवाजाची पातळी रेकॉर्डरच आपसूक कमीजास्त करतो. आमच्या सिंधुदुर्गात डबलबारीला, दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला या, म्हणजे कळेल. बुवा आलाप घेताहेत तोवर ठीक. पखवाजावर थाप पडली, झांजा सुरू झाल्या की रेकॉर्डर सगळाच आवाज खाली ओढतो आणि बुवांचे शब्द त्यात बुडतात. वाद्यं थांबली की आवाज पुन्हा वर चढतो आणि मंडपामागच्या जनरेटरची घरघर गाण्याच्या डोक्यावर बसते. हे नंतर कॉम्प्युटरवर धड निस्तरता येत नाही.

लेव्हल हातानेच लावावी, आणि ती ऐन गजर रंगात असताना मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी (शून्याच्या वर गेला की आवाज फाटतो). २४ बिटवर, म्हणजे जास्त बारकाईने नोंदवणाऱ्या सेटिंगवर घेतलं तर हळू आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला मात्र सांधता येत नाही. जागेची चिंता नको, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण १ जीबी होते. आणि वाऱ्याचं काय? खाडीवरून वारा सुटला की माइकवर केसाळ टोपी हवीच, नाहीतर नुसतं भडभड ऐकू येतं. त्याबद्दल लेखात चकार शब्द नाही.