जुनं म्हणून टिकलं नाही

क्लासिक रॉकबद्दलचा, म्हणजे मुख्यतः साठ-सत्तरच्या दशकांतल्या रॉक संगीताबद्दलचा, एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. त्या काळी जे यायचं ते दर्जेदारच असायचं. तेव्हाचे वादक खरोखर वाजवायचे, आजच्या हिप-हॉपसारखा मशीनचा आधार घेत नव्हते. त्यांनी सगळं स्वतःच्या डोक्यातून काढलं, कुणाची उचल केली नाही. आजच्या मुलांना मात्र यातलं काही कळत नाही. सिनेमा किंवा रील बघून चार दिवस वेडी होतात, बँडचा टी-शर्ट घालतात आणि विसरून जातात. शेवटी निष्कर्ष असा, की बीटल्स, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड, क्वीन टिकले कारण तो काळच सोन्याचा होता.

या मजकुरामागचं प्रेम मला समजतं, कारण ते माझंही आहे. म्हणूनच तो वाचून राग येतो. या बँड्सनी घाम गाळून जे कमावलं त्याचं श्रेय तो कॅलेंडरला देऊन टाकतो, आणि आज पहिल्यांदा ऐकणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला दारातच अडवतो. एकेक मुद्दा घेऊ.

त्या काळी सगळंच दर्जेदार होतं?

1969 हे वर्ष घ्या. लेड झेपेलिनचे पहिले दोन अल्बम त्याच वर्षी आले, बीटल्सचा 'अ‍ॅबी रोड' आला, द हूचा 'टॉमी' आला, वुडस्टॉकचा मोठा संगीत महोत्सव झाला. त्या वर्षी अमेरिकेत बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या वार्षिक यादीत पहिलं गाणं कोणतं होतं? 'शुगर, शुगर'. गायलं होतं द आर्चीजनी, म्हणजे कार्टूनमधल्या बँडने. पडद्यावर रेखाटलेली पात्रं, मागे स्टुडिओतले गायक-वादक. 1973 मध्ये पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' आला. त्या वर्षीच्या यादीत पहिलं होतं टोनी ऑर्लँडो अँड डॉनचं 'टाय अ यलो रिबन'. मला 'शुगर, शुगर' आवडतं, त्याला नावं ठेवायची नाहीत. सांगायचं एवढंच, की तेव्हाही गोड, झटपट, ठरवून तयार केलेलं संगीत ढिगाने येत होतं आणि ढिगाने विकलं जात होतं.

मग काळाची चाळणी लागली. त्या ढिगातलं बहुतेक खाली गळून गेलं आणि वर जे उरलं त्याला आपण 'तो काळ' म्हणू लागलो. तुलना करताना मात्र चाळून उरलेले तेव्हाचे दाणे एका बाजूला आणि आजचा न चाळलेला अख्खा ढीग दुसऱ्या बाजूला ठेवला जातो. अशा तुलनेत कोणतंही आज हरणारच.

मशीन नव्हतं, सगळं हाताने?

हा मुद्दा सगळ्यात जास्त पसरलेला आहे आणि सगळ्यात जास्त चुकीचा आहे.

29 ऑगस्ट 1966 रोजी बीटल्सनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला आणि दौरे बंद केले. त्यानंतर स्टुडिओ हेच त्यांचं वाद्य झालं. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'ची दोन ध्वनिमुद्रणं होती, वेगळ्या लयीतली आणि वेगळ्या पट्टीतली. जॉन लेननला एकाची सुरुवात हवी होती आणि दुसऱ्याचा उरलेला भाग. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपचा वेग कमी-जास्त करून दोन्ही एकमेकांना जोडली. सरळ वाजवून ते गाणं तसं झालंच नसतं.

क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'मधला तो ऑपेरासारखा भाग ऐकताना मोठा कोरस उभा आहे असं वाटतं. ते आवाज तिघांचे आहेत: फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. थरावर थर चढवत ते इतक्या वेळा गायले, की टेप झिजून तिच्यातून आरपार दिसायला लागलं होतं, असं मे यांनी सांगितलं आहे. पिंक फ्लॉइडच्या 'मनी'च्या सुरुवातीला नाण्यांचा, कागद फाटण्याचा आणि गल्ल्याचा जो ठेका येतो, तो टेपचे तुकडे मोजून कापून, जोडून, त्याचं वेटोळं करून फिरवलेला आहे. 'मनी' ज्या 'डार्क साइड'मध्ये आहे त्याच अल्बममधलं 'ऑन द रन' एका छोट्या सिंथेसायझरवर बसवलेल्या काही स्वरांच्या भरधाव आवर्तनावर उभं आहे. द हूच्या 'बाबा ओ'रायली'ची ती प्रसिद्ध झुळझुळती सुरुवात लाउरी ऑर्गनच्या स्वयंचलित पुनरावृत्तीतून आलेली आहे.

म्हणजे हातात येईल ते प्रत्येक नवं यंत्र या लोकांनी वापरलं, आणि तेही अधाशीपणाने. त्यांना आज जन्म मिळाला असता तर त्यांनी संगणक बाजूला ठेवला असता, हे मला अजिबात पटत नाही.

तरीही या मुद्द्यात सत्याचा एक अंश आहे आणि तो नाकारणं बरोबर होणार नाही. त्या ध्वनिमुद्रणांत लय श्वास घेते. उत्कंठेच्या जागी ती किंचित पुढे सरकते, जड जागी मागे रेलते. आजच्या बऱ्याच गाण्यांत ठोके संगणकाच्या आखलेल्या रेषेवर नेऊन बसवलेले असतात. तेव्हा ही सोयच नव्हती. पण हाताचा आणि यंत्राचा झगडा म्हणून हे बघितलं की खरी गोष्ट निसटते. 1971 च्या चौथ्या अल्बममधलं लेड झेपेलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' ऐका. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत, जिन्याच्या तळाशी जॉन बॉनमचे ड्रम्स मांडले होते आणि वर जिन्यातून दोन मायक्रोफोन सोडले होते. त्या उंच पोकळीत घुमलेला आवाज टिपला, त्याला प्रतिध्वनीच्या यंत्रातून काढलं, आणि नंतर टेपचा वेगही उतरवला. बॉनमचा हात, जिना आणि यंत्र, तिन्ही मिळून तो आवाज झाला. पुढे 1986 मध्ये बीस्टी बॉइज या हिप-हॉप गटाने तोच ठेका उचलून आपल्या पहिल्या अल्बमची सुरुवात केली. ज्या हिप-हॉपला हा मजकूर 'मशीनचं संगीत' म्हणून हिणवतो, त्याच संगीताने बॉनमला नव्या कानांपर्यंत पोहोचवलं.

सगळं स्वतःचं, उचल कुणाचीच नाही?

'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' मुळात 1929 चं आहे. मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय या कृष्णवर्णीय जोडप्याचं, 1927 च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं गाणं. झेपेलिनने तिथे मिनीचं नाव दिलं. 'होल लॉट्टा लव्ह'च्या वेळी मात्र विली डिक्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन ब्लूज गीतकारांचं नाव दिलं नव्हतं. त्यांनी 1985 मध्ये दावा लावला, पुढे तडजोड झाली आणि श्रेयात त्यांचं नाव आलं. रोलिंग स्टोन्सनी तर बँडचं नावच ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या 1950 च्या गाण्यावरून घेतलं. 1965 मध्ये 'शिंडिग' या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात बोलावणं आलं, तेव्हा ब्लूज गायक हाउलिन वुल्फलाही मंचावर आणा असा आग्रह त्यांनी धरला. त्या माणसाला त्याच्याच देशातले गोरे प्रेक्षक फारसे ओळखत नव्हते.

या इतिहासात अन्याय आहे. पैसे आणि नाव दोन्ही बऱ्याचदा चुकीच्या दारी गेलं. हे सांगायचं टाळून स्वयंभू प्रतिभेची कथा रचणं म्हणजे तोच अन्याय पुन्हा करणं.

आणि याच इतिहासात दुसरंही काही दिसतं. साठच्या दशकात इंग्लंडमधली काही पोरं, दुसऱ्या देशातल्या, आपल्याहून एका पिढीने मोठ्या माणसांच्या रेकॉर्ड मिळवून त्यांची पारायणं करत होती. तो काळ त्यांनी पाहिला नव्हता, ते जगणं त्यांचं नव्हतं. आज फोनवर झेपेलिन ऐकणारी मुलगी नेमकं तेच करते आहे. तिला 'हे तुझ्या काळातलं नाही' म्हणणाऱ्याने स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सला आणि झेपेलिनच्या जिमी पेजलाही तेच सांगायला हवं होतं.

मुलांना काय कळतं?

आधी सिनेमा आणि रील यांचं बघू. 2020 मध्ये एका छोट्या व्हिडिओमुळे फ्लीटवुड मॅकचं 1977 चं 'ड्रीम्स' पुन्हा अमेरिकेच्या यादीत आलं. 2022 मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेमुळे मेटॅलिकाचं 1986 चं 'मास्टर ऑफ पपेट्स' आयुष्यात पहिल्यांदा बिलबोर्डच्या हॉट 100 या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत शिरलं, साडेआठ मिनिटांचं गाणं असूनही. हे तात्पुरतं वेड म्हणायचं असेल तर 1992 आठवा. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' अमेरिकेत पहिल्यांदा आलं तेव्हा नवव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. 1992 मध्ये 'वेन्स वर्ल्ड' या विनोदी सिनेमात मोटारीत बसून माना हलवणारी पोरं दिसली आणि ते दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं. आज जी मंडळी स्वतःला क्वीनची जुनी भक्त म्हणवतात, त्यांतल्या कित्येकांची ओळख त्या मोटारीतून झालेली आहे. कुठून आलात याने काही बिघडत नाही. रीलने एकदा ऐकवलं जातं. दुसऱ्यांदा, विसाव्यांदा ऐकायला लावणं गाण्यालाच जमावं लागतं.

दुसरा आक्षेप असा, की ही आई-बाबांची उधार स्मृती आहे. यावर मानसशास्त्रज्ञ कॅरोल क्रमहान्सल यांचा 2013 चा एक अभ्यास आहे. विशीतल्या विद्यार्थ्यांना त्यांनी 1955 पासून 2009 पर्यंतची वर्षावर्षाची लोकप्रिय गाणी ऐकवली. मुलांची ओढ स्वतःच्या काळाकडे होतीच, पण आई-वडिलांच्या तरुणपणाच्या गाण्यांकडेही होती, आणि साठच्या दशकाकडेही एक छोटा उंचवटा दिसला. घरात कानावर पडलेलं मुरतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. मला तो मान्य आहे. पण विशीतल्या मुलाला 1965 ची आठवण येऊच शकत नाही, तेव्हा याला स्मरणरंजन म्हणता येणार नाही. घराने ओळख करून दिली एवढंच. घरातून मिळालेल्या किती गोष्टी मुलं त्या वयात झटकून टाकतात! ही गाणी का झटकत नाहीत, याचं उत्तर द्यायला हवं.

माझं उत्तर दोन गोष्टींत आहे. पहिली, हे म्हाताऱ्यांचं संगीत नाहीच. 1968 च्या शरद ऋतूत झेपेलिनचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित झाला तेव्हा बॉनम आणि रॉबर्ट प्लँट वीस वर्षांचे होते. बीटल्स फुटले तेव्हा जॉर्ज हॅरिसन सत्तावीस वर्षांचा होता. आयुष्य हातातून निसटतं आहे हे 'डार्क साइड'मधल्या 'टाइम' या गाण्यात लिहिणारा पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स तिशीच्या आत होता. आपल्याला आज त्यांचे पांढरे केस दिसतात. मुलांना ऐकू येतो तो आपल्याच वयाच्या माणसाचा आवाज. फ्लीटवुड मॅकच्या 'रूमर्स' या अल्बमच्या वेळी बँडमधली एक जोडी घटस्फोट घेत होती, दुसरी तुटली होती, आणि एकमेकांवर लिहिलेल्या गाण्यांत एकमेकांनाच साथ करत होती. कोण कुणापासून वेगळं झालं हे माहीत नसलं तरी विशीतल्या मनाला ते बरोबर लागतं.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. या गाण्यांत ऐकणाऱ्यासाठी जागा सोडलेली आहे. 'स्मोक ऑन द वॉटर'चा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ती छोटी सुरावट, गिटार हातात घेतल्यावर काही दिवसांतच, एका तारेवरसुद्धा वाजतो. डिसेंबर 1971 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोचा कॅसिनो जळताना डीप पर्पल या बँडने पाहिला, त्यातून ते गाणं आलं. पण ही हकीकत माहीत नसलेल्या मुलाच्या बोटांनाही तो रिफ सापडतो, आणि 'मला वाजवता येतं' हा आनंद त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळतो. क्वीनच्या 1977 च्या 'वी विल रॉक यू'चा तर पायाच हा आहे. एका कार्यक्रमानंतर श्रोते आपणहून गात राहिले, ते पाहून ब्रायन मे यांनी विचार केला, की गर्दीत उभ्या माणसाला काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. तेवढ्यावर गाणं रचलं. ड्रम्स नाहीत, गिटार थेट शेवटी. एका जुन्या चर्चमधल्या स्टुडिओत मूठभर लोकांनी फळ्यांवर पाय आपटले. मे मूळचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. त्यांनी वेगवेगळ्या अंतरांवरून आवाज येतो आहे असं वाटावं म्हणून त्याच्या प्रती हिशेबाने थोड्या थोड्या उशिरा लावल्या. त्यातून हजारोंचा जमाव उभा राहिला. शाळकरी मूल बाकावर दोनदा हात आपटून एक टाळी वाजवतं तेव्हा ते गाणं नुसतं ऐकत नसतं, त्यात सामील होत असतं.

राहिला टी-शर्ट. 'डार्क साइड'च्या मूळ मुखपृष्ठावर बँडचं नाव नव्हतं, फक्त लोलक आणि प्रकाश. झेपेलिनच्या चौथ्या अल्बमवर नाव आणि शीर्षक दोन्ही नव्हतं. स्टोन्सचं बोधचिन्ह असलेली ती लाल जीभ जॉन पाश या विद्यार्थ्याने 50 पौंडांत काढून दिली. ही चित्रं गाणं ऐकण्याआधी डोळ्यांत भरावीत म्हणूनच केलेली होती. ते चित्र छातीवर मिरवणाऱ्या मुलीला 'तीन गाण्यांची नावं सांग' असं कृपा करून विचारू नका. 'टाइम'च्या सुरुवातीला एकदम खणखणणारी घड्याळं ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून ध्वनिमुद्रित केली होती, हे तिला सांगा, हेडफोन द्या, आणि आवाज आधी थोडा कमी ठेवा.