बगिच्यात नको, रस्त्यावर नको, मग पोरींनी खेळायचं कुठे?

आत्ताच आमच्या ले-आऊटच्या, म्हणजे वसाहतीच्या, बगिच्यातली बैठक आटोपून आले. कणीक भिजवून ठेवलीय, पण आधी हे लिहिते, नाहीतर सगळा राग पोळ्यांवर निघेल.

विषय एवढाच. बगिच्याच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे आज गाजरगवत आणि तुटकी घसरगुंडी आहे, तिथे बॅडमिंटनचं एक कोर्ट, बास्केटबॉलची एक रिंग आणि चार दिवे. महापालिकेला अर्ज द्यायचा, त्यावर सह्या हव्यात. बस! तर मंडळी अशी उसळली जणू आम्ही तिथे देशी दारूचं दुकान मागतोय.

"आवाज होईल." "शांतता जाईल." आणि सगळ्यात कहर म्हणजे, "बाहेरचे पोट्टे येतील."

आवाज? सकाळी सहाला हास्य क्लबचा गडगडाट आमच्या बेडरूमपर्यंत येतो, तो काय बासरी असते? गणपतीत, नवरात्रात त्याच बगिच्यात डीजे वाजतो तेव्हा कुणाचं बीपी वाढत नाही. शटलच्या टक-टकनेच काय ती झोप उडणार यांची.

गेल्या उन्हाळ्यातलं सांगते. नागपूरचा मे महिना, ऊन तर विचारूच नका. सूर्य बुडेपर्यंत पोरं घरात कूलरसमोर पडलेली, हातात मोबाईल. खेळायला मिळतात ते साडेसातनंतरचे दोन तास. बगिच्यात तेव्हा मिट्ट काळोख. म्हणून माझी लेक आणि तिची मैत्रीण घरासमोरच्या सिमेंट रोडवर खेळायच्या. आमच्या गेटपासून समोरच्या स्कूटीच्या आरशापर्यंत नायलॉनची दोरी, तेच नेट. गाडी आली की एकीने पळत जाऊन दोरी सोडायची. एकदा बाईक सुसाट आली, लेक दोरी सोडायला धावली आणि कोपरावर आपटली. कातडं सोलून निघालं, वर तो बाईकवाला शिव्या देऊन गेला. शेजारचे काकाजी बाहेर आले. मला वाटलं विचारतील, लागलं का बेटा. ते म्हणाले, "रस्ता काय खेळायची जागा आहे?"

आणि आज बगिच्यात कोर्ट नको म्हणून सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता? त्याच काकाजींचा! रस्ता खेळायची जागा नाही, बगीचाही नाही. मग घराच्या गच्चीवरून उड्या मारायच्या का पोरींनी?

दिव्या देशमुख २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली तेव्हा याच लोकांच्या स्टेटसवर "नागपूरची लेक" झळकत होती. छानच. बुद्धिबळाचा आवाज होत नाही ना, म्हणून सोयीचं. अहो, बॅडमिंटनवाली मालविका बनसोडही नागपूरचीच. २०२२ साली इंडिया ओपनमध्ये तिने साक्षात सायना नेहवालला हरवलं. माझी पोरगी मालविका होणार नाहीये, मला माहिती आहे. तिला फक्त घाम येईपर्यंत खेळायचंय, मध्ये दोरी न सोडता.

बरं, बगिच्याचे हे रखवालदार स्वतः काय करतात? "फुले तोडू नये" या पाटीला टेकून उभे राहतात, मनगटात प्लॅस्टिकची पिशवी, हातात आकडी, आणि जास्वंदाची फांदी खाली ओढून कळ्यासुद्धा खुडतात. देवाला चालतं म्हणे.

एक आजी मात्र बैठकीत हळूच म्हणाल्या, "मागच्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालंय माझं. चेंडू लागला तर पुन्हा उभी राहणार नाही." त्यांचं ऐकून मी गप्पच झाले. बरोबर आहे त्यांचं. बाकी बायका टीव्हीसमोर बसतात तेव्हा त्या एकट्या त्या मागच्या कोपऱ्यातल्या बाकावर येऊन बसतात, दुसरीकडे जाणार कुठे? उंच जाळी लावू, बाक पुढच्या गेटजवळ घेऊ. दिवे लागले तर त्यांनाही अंधारात पाय चाचपडत टाकावा लागणार नाही. उद्या त्यांच्या घरी जाऊन बोलणार आहे.

सिमेंट वाढेल, पाणी मुरणार नाही, हा मुद्दा खरा आहे. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून शहराची काय दैना झाली ते पाहिलंय आपण. म्हणून कोर्टापुरतंच सिमेंट, बाकी माती तशीच, आणि कडुनिंबाला हात लावायचा नाही. कोर्ट ठेकेदाराला देऊन तासाचे पैसे लावले, तर विरोधात पहिली सही माझी असेल. झालं समाधान?

पण "बाहेरचे पोट्टे" हे काही डोक्यातून जात नाही. बाहेरचे म्हणजे कोण हो? नाल्यापलीकडचे. ज्यांच्या आया सकाळी आपल्याकडे धुणीभांडी करतात, त्यांची लेकरं. आई घरात चालते, पोरगं बगिच्यात चालत नाही? बगीचा महापालिकेचा आहे, ले-आऊटला आंदण नाही दिलेला. येऊ द्या की. माझ्या लेकीला डबल्सला दोघं कमीच पडतात.

रविवारी सकाळी साडेसहाला सह्यांचा कागद घेऊन मी बगिच्याच्या गेटवर उभी राहतेय. पेन माझ्याकडे आहे. विरोधकांनीही यावं, समोरासमोर बोलू. फक्त फुलांच्या पिशव्या घरी ठेवून या.